फ्रीलान्स फोटोग्राफी: रेट आणि फोटोचे हक्क शूटच्या आधी कसे ठरवायचे

दर लग्नसराईला मला तेच दोन प्रश्न येतात. पहिला, "ताई, एका दिवसाचे किती सांगू?" आणि काही महिन्यांनी त्याच पोराचा दुसरा, "ताई, त्या दुकानवाल्याने माझा फोटो होर्डिंगवर लावलाय, विचारलं पण नाही, आता काय करता येईल?" पहिल्याच वेळी नीट बोलणं झालं असतं तर दुसरा प्रश्न आलाच नसता, कारण रेट आणि हक्क हे दोन वेगळे विषय नाहीतच, फोटो कुठे लागणार आणि किती दिवस लागणार यावरच तर पैसे ठरतात. बहुतेकांची गडबड होते ती क्रमात. आधी फोनवर आकडा बोलून टाकायचा, मग शूट, मग सगळ्या फाईली ड्राईव्हवर टाकून मोकळं व्हायचं, आणि हक्कांचा विषय निघतो तो भांडण झाल्यावर.

म्हणून खाली सगळं क्रमाने लिहिलंय. आकडे उदाहरणापुरते आहेत, त्यातली रीत घ्या आणि आकडे तुमचे भरा.

१. पैसे घेऊन काढलेला फोटो आपोआप तुमचा नसतो

हे सगळ्यात आधी, कारण इथेच बहुतेकजण चुकतात. यूट्यूबवर अमेरिकेतले फोटोग्राफर सांगतात की शटर दाबलं की कॉपीराईट तुमचा, आणि आपली मुलं तेच धरून बसतात. आपल्याकडे लागू होतो तो १९५७ चा भारतीय कॉपीराईट कायदा. त्यात फोटोचा कर्ता म्हणजे फोटो काढणारा, इथपर्यंत ठीक आहे. पण कलम १७ मध्ये पुढे असं आहे की कुणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन फोटो काढला असेल, आणि याच्या उलट काही करार झालेला नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक तो सांगणारा माणूस, म्हणजे तुमचा क्लायंट.

म्हणजे प्रत्यक्षात कसं होतं बघा:

- वारीत, राजगडावर, रस्त्यावर तुम्ही आपणहून काढलेला फोटो: तुमचा.
- लग्न, प्रॉडक्ट, हॉटेल मेनू, कंपनीचा कार्यक्रम, पैसे ठरवून केलेलं काम: काही लिहिलेलं नसेल तर क्लायंटचा.
- पगारी नोकरीत कामाचा भाग म्हणून काढलेला: साधारणपणे मालकाचा. वर्तमानपत्र-मासिकाच्या नोकरीचा नियम थोडा वेगळा आहे, तिथे असाल तर नेमणूकपत्र वाचा.
- फुकट केलेला कोलॅब: पैशांची देवाणघेवाणच नसेल तर तुमचा. पण रिसॉर्टने दोन दिवस राहणं-जेवण दिलं असेल तर तोही मोबदला आहे असं समोरचा म्हणू शकतो, तेव्हा तिथेही लिहून घ्यायचंच.
- दुसऱ्या फोटोग्राफरच्या हाताखाली सेकंड शूटर म्हणून दिवसाचे पैसे घेऊन गेलात: तुमच्यासाठी क्लायंट तो फोटोग्राफर. त्याला न विचारता त्या लग्नाचे फोटो स्वतःच्या पेजवर टाकणं हे या धंद्यातलं सगळ्यात जास्त नाती तोडणारं काम आहे.

आता चांगली बातमी. "उलट करार नसेल तर" असं कायदाच म्हणतो, म्हणजे करार करून हक्क स्वतःकडे ठेवता येतात, त्यात बेकायदा किंवा उद्धट असं काहीच नाही. फक्त तो करार शूटच्या आधी व्हायला पाहिजे, कारण पहिला मालक कोण हे फोटो निघतो तेव्हाच ठरून जातं. नंतर बिलाच्या खाली बारीक अक्षरात "सर्व हक्क राखीव" छापलं तर तो तुमचा एकतर्फी शेरा झाला, करार नाही. शूट झाल्यावर हक्क हवे असतील तर क्लायंटने ते तुम्हाला सहीनिशी लिहून द्यायला लागतात, आणि ते कोण कशाला देईल.

सावध: काहीच लिहिलेलं नाही आणि क्लायंट मालक झाला, तर तो एक वर्ष किंवा पाच वर्ष असा मालक नसतो. फोटोचा कॉपीराईट फोटो काढणाऱ्याच्या हयातीभर आणि त्यानंतर ६० वर्षं चालतो. तेवढा सगळा काळ तो त्याचा.

२. तुमचा तळाचा आकडा काढा, तोही एकट्याने बसून

क्लायंटचा फोन चालू असताना रेट ठरवायचा नाही. एका संध्याकाळी वही घेऊन बसा आणि वर्षाचा खर्च लिहा. गल्लीतल्या स्टुडिओवाल्याचा रेट बघून त्यातून दोन हजार कमी करणं हा हिशोब नाही, त्याचं दुकान स्वतःचं असेल, कॅमेरा कधीच वसूल झाला असेल, तुम्हाला काय माहीत.

उदाहरण घेऊ. घरखर्च महिना ३०,००० म्हणजे वर्षाला ३,६०,०००. कॅमेरा, दोन लेन्स, फ्लॅश, लॅपटॉप मिळून ३,६०,००० चं सामान, चार वर्षांत बदलायला लागेल असं धरलं तर वर्षाला ९०,०००. सॉफ्टवेअर, हार्ड डिस्क, इंटरनेट, कॅमेऱ्याचा विमा, सर्व्हिसिंग, पेट्रोल मिळून आणखी ९०,०००. आजारपण, टॅक्स, अडीअडचण ६०,०००. एकूण सहा लाख.

आता हे सहा लाख ३६५ ने भागायचे नाहीत, आणि चूक नेमकी इथेच होते. एका शूटच्या दिवसामागे साधारण दीड दिवस निवड आणि एडिटिंगचा जातो आणि अर्धा दिवस भेटी, फोन, पाहणी, बॅकअप यात. म्हणजे एक शूट हे तीन दिवसांचं काम. वर्षात २२५ दिवस काम केलं तरी शूटचे दिवस ७५ च. सहा लाख भागिले ७५ म्हणजे दिवसाला ८,०००, आणि हा फक्त पाण्यावर तरंगत राहायचा आकडा आहे. नवीन माणसाला ७५ शूट मिळतीलच असंही नाही. ५० मिळाले तर तोच आकडा १२,००० होतो.

लग्नाचं काम करणार असाल तर कॅलेंडर पण बघा. आषाढी ते कार्तिकी चातुर्मास, त्यातच पितृपक्ष, म्हणजे तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त जवळपास नसतातच. ते चार महिने बाळांचे फोटोशूट, गणपती-नवरात्राची कामं, दिवाळीआधीची प्रॉडक्ट शूट्स यांवर काढायला लागतात. ज्यांनी मे महिन्याची कमाई गुणिले बारा केलं त्यांचा सप्टेंबरमध्ये हप्ता थकतो.

तपासून घ्या: तुमच्याकडे आता दोन आकडे पाहिजेत. एक, याच्या खाली काम घ्यायचंच नाही. दुसरा, जो बोलायचा. दोन्हींत निदान २०-२५ टक्के अंतर ठेवा, आपल्याकडे घासाघीस होणारच आहे, ती गृहीत धरूनच चाला.

३. आकडा सांगायच्या आधी प्रश्न विचारा

"किती घ्याल?" असं विचारल्यावर "काम सांगा, मग आज संध्याकाळपर्यंत लेखी पाठवते" एवढंच म्हणायचं. मग विचारायचं:

- नक्की काय शूट करायचंय, किती वेळ, किती ठिकाणी?
- शेवटी एडिट केलेले फोटो किती हवेत? अल्बम हवा का?
- फोटो कुठे वापरणार: फक्त घरी, इन्स्टाग्राम, वेबसाईट, पैसे भरून चालवायच्या जाहिराती, फ्लेक्स-होर्डिंग, पेपर, पाकिटावर छपाई?
- किती काळ? आणि महाराष्ट्रापुरतं, देशभर की बाहेरही?
- कधी हवेत?
- पैसे कोण देणार आणि "फायनल" कोण करणार?

शेवटचा प्रश्न फालतू वाटतो पण लग्नात तोच कामाचा ठरतो. ठरवलेलं असतं मुलीच्या भावाशी, फोटो निवडणार मुलगी, पैसे देणार काका, आणि अल्बम बघून तोंड वाकडं करणार आत्या. एकच माणूस ठरवा आणि त्याच्याच नंबरवर सगळं बोला.

कामाची हद्दही इथेच आखायची. "हळद आणि लग्न" एवढं ठरलेलं असतं आणि मग आदल्या रात्री मेंदी, सकाळी देवक, संध्याकाळी रिसेप्शन, आणि चार दिवसांनी "जोडीने जेजुरीला चाललोय, येताय ना, दोनच फोटो". दोन फोटो नसतात ते, अख्खा दिवस असतो. प्रत्येक कार्यक्रमाचं नाव आणि वेळ लिहा आणि जादा तासाचा रेट आधीच टाका. ड्रोन, दुसरा फोटोग्राफर, व्हिडिओ, अल्बमची छपाई, बाहेरगावचं राहणं-जेवण, सगळं वेगळ्या ओळीत.

प्रॉडक्टच्या कामात नगावर रेट लावायचा मोह होतो. येवल्याच्या पैठणीवाल्याने सांगितलं ४० साड्या आहेत, तुम्ही नगाला दोनशे म्हणून मोकळे. पण प्रत्येक साडी उलगडायची, इस्त्री करायची, पदर नीट दिसेल अशी लावायची, जरीवर लाईटची चमक मारते ती सावरायची, परत घडी घालायची, यातच दिवस संपतो आणि फोटो होतात पंधरा. नगावर रेट लावायचाच असेल तर आधी दोन नगांवर ट्रायल घ्या, घड्याळ लावा, मग बोला. आणि इस्त्री-मांडणीला दुकानाचा माणूस असणार की तुमचा, हे आधी विचारा.

४. कोटेशनमध्ये शूटचे पैसे वेगळे, वापराचे पैसे वेगळे

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा. एकच ठोक आकडा लिहिला की क्लायंटला वाटतं सगळं विकत घेतलं. दोन भाग केले की त्याला दिसतं आपण नक्की कशाचे पैसे देतोय.

समजा एका हॉटेलचं मेनू शूट आहे:

- शूट एक दिवस, २५ एडिट केलेले फोटो: १२,०००. यात हॉटेलच्या स्वतःच्या इन्स्टाग्राम, वेबसाईट आणि मेनूकार्डवर एक वर्ष वापर धरलेला आहे.
- पैसे भरून चालवलेल्या ऑनलाइन जाहिराती, सहा महिने: ४,०००.
- एका शहरात होर्डिंग, तीन महिने: ६,०००.
- प्रवास आणि मांडणीचं सामान: प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे.

सगळं घेतलं तर २२,००० अधिक खर्च. आता मालक म्हणाला, "बजेट पंधराचं आहे हो", तर १२,००० चं काम १०,००० वर आणायचं नाही. म्हणायचं, "चालेल, होर्डिंग नको, आणि जाहिराती सहाऐवजी चार महिने करू." पैसे कमी झाले की वापर कमी झाला पाहिजे, नाहीतर समोरच्याला कळतं की तुमचा पहिला आकडा उगाचच फुगवलेला होता, आणि पुढच्या वेळी तो तिथूनच खाली ओढायला सुरुवात करतो.

वापराचे किती लावायचे? याचा कुठला सरकारी तक्ता नाही. माझा अंदाज असा: क्लायंटचं स्वतःचं सोशल मीडिया आणि वेबसाईट एक वर्ष, हे शूटच्या पैशातच. पैसे भरून केलेल्या जाहिराती, शूटच्या ३० ते ५० टक्के वर. होर्डिंग किंवा पाकिटावर छपाई, ५० ते १०० टक्के वर. "हा फोटो दुसऱ्या कुणालाच द्यायचा नाही" असं असेल तर वापराची रक्कम दुप्पट. आणि कॉपीराईटच कायमचा लिहून हवा असेल, ज्याला कंपन्या बायआउट म्हणतात, तर शूटच्या निदान तिप्पट. लहान गावात हे खाली येईल, मुंबईत एजन्सीबरोबर वर जाईल, पण उतरंड साधारण हीच ठेवा.

सीझनवाल्या धंद्यात मुदत तारखेने लिहा. देवगडच्या आंबेवाल्याने वेबसाईटसाठी म्हणून फोटो घेतला आणि पुढच्या वर्षी तोच पेटीच्या झाकणावर छापला, असले प्रकार सारखे होतात. त्यात दरवेळी लबाडीच असते असं नाही, त्याला खरंच वाटत असतं की पैसे दिले म्हणजे फोटो आपला (आणि वरच्या कलमाप्रमाणे, काही लिहिलं नसेल तर बरोबरच आहे त्याचं!). "एक सीझन" असं मोघम नको, "३० जूनपर्यंत" असं वर्षासकट लिहा. "पेटी, पाकीट, स्टिकर यावर वापर नाही" हेही स्पष्ट लिहा.

सावध: "आत्ता कमीत करून द्या, पुढे खूप कामं देऊ." पुढची कामं मिळाल्यावर पुढच्या कामांत सूट द्या. आत्ताच्या कामात नाही.

५. शूटच्या आधी लिहून घ्या

वकिलाकडून वीस पानी करार करायची गरज नाही, एका पानाचं कोटेशन पुरतं, पण ते समोरच्याने लेखी मान्य केलेलं पाहिजे. त्यात हे मुद्दे साध्या भाषेत टाका. हवं तर असंच्या असं उचला:

"या शूटमधल्या सर्व फोटोंचा कॉपीराईट फोटोग्राफरकडे राहील. पूर्ण रक्कम मिळाल्यावर क्लायंटला पुढील वापराचं लायसन्स मिळेल. वापर: (माध्यमं). मुदत: (तारखेपासून तारखेपर्यंत). प्रदेश: छापील वापर महाराष्ट्रात, ऑनलाइन वापर जगभर. यापलीकडच्या वापरासाठी आधी लेखी परवानगी आणि वेगळी रक्कम लागेल. क्लायंटने हे फोटो तिसऱ्या कुणाला देऊ किंवा विकू नयेत. रॉ फाईली (कॅमेऱ्यातल्या मूळ, एडिट न केलेल्या) यात धरलेल्या नाहीत. फोटोग्राफर निवडक फोटो स्वतःच्या पोर्टफोलिओत दाखवू शकेल."

मुदत आणि प्रदेश का एवढं ताणते, तर कायद्यातलं कलम १९. हक्क लिहून देताना किंवा लायसन्स देताना मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता धरला जातो. तुमच्या डोक्यात तीन महिने होते आणि कागदावर काहीच नाही, तर कायद्याने पाच वर्षं गेली हातातून. उलटही होतं, दुबईला आंबा पाठवणाऱ्या क्लायंटला भारतापुरतं लायसन्स काय कामाचं, तोही नाराज होणार.

कॉपीराईट पूर्ण लिहून देत असाल तर ते लेखी आणि तुमच्या सहीचं लागतं, तोंडी किंवा "हो हो घ्या" ने होत नाही. म्हणून कंपनीने पाठवलेल्या कागदावर किंवा व्हेंडर फॉर्मवर सही करायच्या आधी तो वाचा. "सर्व हक्क, कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत" अशी एक ओळ कुठेतरी आतल्या पानावर बसलेली असते. ती असेल तर तो बायआउट आहे आणि त्याचे बायआउटचे पैसे मागायचे. पैसे देत नसतील तर ओळ खोडून मुदत टाका, खोडलेल्या जागी दोघांच्या सह्या.

एक दिलासा मात्र आहे. कॉपीराईट क्लायंटचा असो नाहीतर विकलेला असो, कलम ५७ प्रमाणे फोटो मी काढला असं सांगायचा हक्क तुमच्याकडे उरतो, आणि तुमची बदनामी होईल अशी मोडतोड केली तर हरकतही घेता येते. पण त्यावर विसंबून कोपऱ्यात नाव छापून येईल असं धरू नका, क्रेडिट हवं असेल तर कुठे आणि कसं ते कोटेशनमध्ये लिहा.

लग्नाच्या घरी ही भाषा जड वाटते, लोक बिचकतात. तिथे मी वेगळं सुचवेन. बहुतेक लग्नांत कॉपीराईटसाठी भांडायची गरजच नसते, ते फोटो तुम्ही दुसऱ्या कुणाला विकणार थोडेच. तुम्हाला हवी असते पोर्टफोलिओत टाकायची परवानगी. तेवढीच मागा, आणि "लहान मुलांचे व खाजगी विधींचे फोटो टाकणार नाही" असं आपणहून लिहून द्या, लोक पटकन हो म्हणतात. दुसरं म्हणजे मेकअपवाली, डेकोरेटर, लॉनवाला, सगळे तुमच्याकडे फोटो मागतात आणि मग त्यांच्या बॅनरवर नवरी झळकते. कुटुंबाला विचारल्याशिवाय कुणालाही फाईल द्यायची नाही. विचारून दिली तरी मेसेजमध्ये लिहा, फक्त इन्स्टाग्रामसाठी, नावासकट, बॅनरसाठी नाही.

तपासून घ्या: व्हॉट्सॲपवर कोटेशन पाठवलं आणि समोरून अंगठा आला, एवढ्यावर थांबू नका. "कोटेशन वाचलं, अटी मान्य" असं टाईप करून मागा. ईमेल त्याहून बरा. ती चॅट डिलीट करू नका, एक्सपोर्ट करून क्लायंटच्या फोल्डरमध्ये टाका.

६. चेहरा ज्याचा, त्याची परवानगी वेगळी

कॉपीराईट तुमचा असला म्हणजे फोटोतल्या माणसाचा चेहरा तुमचा झाला असं नाही. वारीतल्या एखाद्या माऊलीचा तुम्ही आपणहून काढलेला फोटो वारीवरच्या लेखाबरोबर छापून येणं वेगळं आणि तोच फोटो गुडघेदुखीच्या तेलाच्या जाहिरातीत जाणं वेगळं. जाहिरातीत, पाकिटावर, ब्रँडच्या पोस्टमध्ये ओळखू येणारा चेहरा असेल तर त्या माणसाची लेखी संमती पाहिजे, ज्याला मॉडेल रिलीज म्हणतात. मराठीत चार ओळी पुरतात: नाव, तारीख, फोटो कशासाठी वापरणार, मोबदला किती (शून्य असेल तर शून्य लिहा), सही. लहान मूल असेल तर आईवडिलांची सही. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा आणि साक्षीदाराची सही घ्या.

हे शूटच्या दिवशीच उरकायचं. नंतर माणूस सापडत नाही.

७. पैसे, शूट, फाईली: क्रम मोडायचा नाही

क्रम असा: ॲडव्हान्स, तारीख पक्की, शूट, वॉटरमार्क असलेले छोटे फोटो, निवड, बाकी पैसे, मग मोठ्या फाईली.

ॲडव्हान्स आल्याशिवाय तारीख अडवायची नाही. ओळखीतल्या लग्नात हे फार अवघड जातं, मामाच्या मित्राकडे पैसे मागायचे कसे. सरळ सांगा, "बाकी काही नाही, त्या तारखेची बाकीची कामं नाही म्हणायला लागतात." लग्नाला ५० टक्के ॲडव्हान्स, ४० टक्के लग्नाच्या दिवशी आणि उरलेले अल्बमच्या वेळी, असं ठेवलं तर शेवटी फार अडकत नाही. लग्न पुढे गेलं किंवा मोडलं तर ॲडव्हान्सचं काय, ते पण कोटेशनमध्येच.

शूटच्या आदल्या दिवशी कॅमेऱ्याच्या मेनूत तारीख-वेळ बरोबर करा आणि कॉपीराईट माहितीच्या रकान्यात स्वतःचं नाव टाका, बहुतेक कॅमेऱ्यात ती सोय असते आणि मग प्रत्येक फाईलमध्ये नाव आपोआप बसतं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ही माहिती उडते आणि क्वालिटी पण जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते. रॉ फाईली दोन डिस्कवर ठेवा, त्यातली एक घराबाहेर. उद्या फोटो कुणाचा यावरून वाद झाला तर रॉ फाईल हा चांगला पुरावा असतो, म्हणून ती सहज कुणाला द्यायची नाही. क्लायंट अडूनच बसला तर वेगळी रक्कम लावून आणि त्यांनी केलेल्या एडिटवर तुमचं नाव घालायचं नाही या अटीवर.

फाईली देताना एक छोटा मेल टाका: किती फोटो दिले, कुठल्या वापरासाठी, कधीपर्यंत. म्हणजे सहा महिन्यांनी त्यांच्या मार्केटिंगला नवीन माणूस आला तरी त्याला समजेल.

सावध: बाकी पैसे यायच्या आधी "दोन-चार पाठवा ना, स्टेटसला टाकतो" म्हणतात. दोन-चार पाठवा, पण छोट्या साईजचे आणि वॉटरमार्कवाले.

८. बिल

बिलावर तारीख, नंबर, कोटेशनचा संदर्भ, पैसे द्यायची मुदत. वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात किंवा गोव्यात सेवा देणाऱ्याला साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावायचा नाही, लावला तर अंगाशी येतं. उलाढाल म्हणजे नफा नाही, अल्बमच्या छपाईचे तुमच्या बिलातून गेलेले पैसेही त्यात मोजले जातात. नोंदणी झाली की फोटोग्राफीवर १८ टक्के. तेव्हा रेट "जीएसटी वेगळा" असा बोलायची सवय लावा, नाहीतर ते १८ टक्के तुमच्या खिशातून जातील.

कंपनी टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आगाऊ आयकर, कापते तेव्हा पोरं घाबरतात की पैसे कमी दिले. ते पैसे तुमच्या पॅनवर जमा असतात, रिटर्न भरताना धरले जातात, कर कमी बसत असेल तर परत मिळतात. पॅन दिलं नाही तर मात्र जास्त कापतात.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडे नोंद, करून ठेवा. सरकारी पोर्टलवर ती फुकट आहे, पैसे मागणाऱ्या एजंटच्या वेबसाईटवर जाऊ नका. फायदा असा की २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लहान उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यायला लागतात, ती मुदत ४५ दिवसांवर जाऊ शकत नाही, काहीच ठरलं नसेल तर १५ दिवस, आणि उशीर झाला तर व्याज लागतं. काम घ्यायच्या आधीच नोंदणी झालेली असली पाहिजे. बिलाच्या खाली उद्यम नंबर छापा, काही कंपन्यांचं अकाउंट्स डिपार्टमेंट तेवढ्यानेच जागं होतं.

९. फोटो ठरलेल्या हद्दीबाहेर वापरला तर

पहिल्यांदा शांतपणे स्क्रीनशॉट घ्या, लिंक आणि तारीख दिसेल असा. होर्डिंग असेल तर आजूबाजूचा रस्ता दिसेल असा फोटो काढा. पोस्टवर जाऊन कमेंटमध्ये भांडायचं नाही, तसं केलं की ते पोस्ट काढून टाकतात आणि पुरावाही जातो.

मग स्वतःचा कागद काढून वाचा. फोटो आपणहून काढलेला होता, की पैसे घेऊन? करार होता? त्यात हा वापर बसतो का? कागद नसेल आणि काम पैसे घेऊन केलेलं असेल तर कायदा बहुतेक क्लायंटच्या बाजूने जाईल, तिथे नाव टाकायची विनंती एवढीच करता येईल आणि ती विनंतीच्या सुरातच करा.

कागद तुमच्या बाजूने असेल तर पहिला मेल धमकीचा नको, बिलाचा पाठवा: "आपण या तारखेपासून अमुक ठिकाणी हा फोटो वापरताय, आपल्या लायसन्समध्ये हा वापर नव्हता, त्याचे एवढे होतात, सात दिवसांत द्या किंवा फोटो तिथून हटवा." रक्कम तुमच्या नेहमीच्या वापराच्या रेटनेच काढा, अवाच्या सवा मागितली की बोलणं तिथेच तुटतं. बऱ्याच वेळा चूक डिझायनर किंवा एजन्सीने केलेली असते आणि मालकाला पत्ताही नसतो, त्यामुळे मेल मालकाला आणि एजन्सीला दोघांनाही. उत्तर नाही आलं तर सोशल मीडियावर कॉपीराईट तक्रारीचा फॉर्म भरा, सोबत मूळ फाईल. त्यानंतर वकिलाची नोटीस.

कॉपीराईटची सरकारी नोंदणी सक्तीची नाही, नोंदणी नसली तरी दावा करता येतो, आणि तुम्ही राहता तिथल्या जिल्हा कोर्टात तो टाकायची सोय कायद्यात आहे, क्लायंट दिल्लीचा आहे म्हणून दिल्लीच्या चकरा मारायलाच पाहिजेत असं नाही. दिवाणी दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं. जाणूनबुजून केलेलं उल्लंघन हा फौजदारी गुन्हाही आहे, पण पाच हजारांच्या वादात पहिल्याच फोनला पोलीस स्टेशनचं नाव काढलं तर पैसेही जातात आणि क्लायंटही. नोटिशीला लागणारी फी आणि मिळू शकणारी रक्कम शेजारी शेजारी लिहून बघा. फी जास्त भरत असेल तर फोटो तिथून हटवायला लावा आणि त्या क्लायंटचं पुढचं काम पूर्ण पैसे आधी मिळाल्याशिवाय घेऊ नका.